शेपटी पाटीत मावत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुमच्याशी सरडा कसा काढायचा याविषयी बोलणार आहे. तोही साधा सरडा नव्हे, कार्टूनमधला, गमतीचा सरडा. रेडिओवरून चित्र शिकवणे म्हणजे फोनवरून आमटीची चव सांगण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही घरात चार ते आठ वर्षांचे मूल असेल, तर त्याला हाक मारा, एक पाटी आणि खडूचा तुकडा त्याच्या हातात द्या. माझे निम्मे बोलणे त्याच्यासाठी आहे आणि निम्मे तुमच्यासाठी.

मी चित्रकलेची शिक्षिका. नोकरी संपल्यावर घरी बसवेना, म्हणून शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत जाऊन मुलांबरोबर चित्रे काढायला लागले. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघायचे, पारगावाजवळ भीमा ओलांडायची आणि चौफुल्याला उतरायचे, हा माझा नेहमीचा रस्ता. अंतर फार नाही, पण खिडकीतून बाहेर पाहिले की मुलूख बदलताना दिसतो. शिरूरकडे जिथे कालव्याचे पाणी पोचलेले नाही तिथे माळ, बाभळी, दगडांचे बांध. भीमेच्या अलीकडे-पलीकडे ऊसच ऊस, आणि पारगाव-राहूच्या बाजूला गुऱ्हाळांचा गोड धूर. पुढे दौंड गावात रेल्वेच्या जुन्या चाळी आणि क्वार्टर.

हे एवढे वर्णन करण्याचे कारण आहे. सुरुवातीला मी मुलांना एवढेच सांगायचे, "पोटावर सरपटणारा किंवा चार पायांवर सरसर पळणारा एखादा प्राणी काढा." माळावरच्या गावात सरडा आणि घोरपड यायची. उसातल्या वस्तीवर साप यायचा. रेल्वेच्या क्वार्टरमधली पोरे पाल काढायची, आणि पालीच्या डोक्यावर न चुकता ट्यूबलाइट. म्हणजे ज्याचा जो शेजारी, तोच त्याच्या पाटीवर.

पण बाजारातून रंगवायची पुस्तके आली की हे सारे नाहीसे व्हायचे. मग तिन्ही ठिकाणी एकच सरडा उमटायचा. पोपटी रंगाचा, शेपटीची जिलेबी केलेला, जिभेला माशी चिकटलेली, डोळ्यांना पापणीचे तीन केस. वास्तविक ती जिलेबी घोयरा सरड्याची, ज्याला इंग्रजी पुस्तकांत शॅमेलिऑन म्हणतात त्याची. आपल्याकडे तोही आहे, पण सहसा दिसत नाही. आपल्या कुंपणावर बसतो त्या सरड्याची शेपटी सरळ, चाबकाच्या वादीसारखी. एकदा वर्गाच्या खिडकीबाहेर बाभळीवर खराखुरा सरडा बसलेला होता आणि आत तीस मुले त्याच्याकडे पाठ करून जिलेबी काढत होती. त्या दिवशी मला जरा रागच आला. मुलांचा नव्हे, माझाच. कारण पुस्तके मीच आणली होती.

व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकाने १९४७ साली मुलांच्या चित्रांवर एक मोठे पुस्तक लिहिले. रंगवायची पुस्तके मुलांच्या स्वतःच्या रेषेवरचा विश्वास घालवतात, असे त्याचे म्हणणे होते. मी इतकी कडक नाही. पावसाच्या दिवशी घरात चार पोरे दंगा करत असतील तर आईने रंगवायचे पुस्तक पुढे टाकावे, माझी काही हरकत नाही. पण चित्र शिकायचे असेल तर आधी खिडकीबाहेर बघायचे.

कुणी म्हणेल, कार्टूनच काढायचे तर खरे कशाला बघायचे? हा मोठा गैरसमज आहे. कार्टून म्हणजे मनाला येईल ते नव्हे. नीट बघायचे, त्यातली एक गोष्ट पकडायची आणि ती मुद्दाम वाढवायची. शि. द. फडणीसांची चित्रे आठवा. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रे होती. रेषा मोजक्या, पण माणूस कसा उभा राहतो, मांजर कसे बसते, हे त्यांत अचूक असते. हसू नंतर येते.

तर आता सरडा. आम्ही आधी बाहेर जातो. झाडापासून थोडे लांब गुपचूप बसतो. पहिलीच्या मुलांनी पाच मिनिटे गप्प बसणे ही मोठी गोष्ट आहे, पण सरडा असेल तर बसतात. मग मी विचारते, "त्याचं सगळ्यात मोठं काय?" एक म्हणतो डोके, एक म्हणतो डोळे. शेवटी कुणीतरी म्हणते, "शेपूट!" आणि तेच बरोबर असते. आपल्या बागेतल्या सरड्याची शेपटी त्याच्या उरलेल्या अंगाच्या दुपटीहून लांब असते. डोळ्यांना हे एकदम पटत नाही. मी सुतळीचा तुकडा घेऊन तीन भाग पाडून दाखवते. एक भाग डोके आणि धड, दोन भाग नुसती शेपटी.

आत येऊन चित्र काढायला बसलो की पंचाईत होते. लहान मूल डोक्यापासून सुरुवात करते, आणि तेही पाटीच्या मधोमध, चांगले बटाट्याएवढे. मग धड, मग पाय. शेपटीची पाळी येईपर्यंत पाटी संपलेली असते. कुणी शेपटी आखूड करतो, कुणी काठावरून वळवून परत आणतो. शिरूरकडच्या एका वर्गातला एक मुलगा मात्र थांबला नाही. त्याने पाटीच्या लाकडी चौकटीवरून खडू खाली फरशीवर उतरवला आणि रेघ तशीच पुढे नेली. तीही शेजारच्या मुलाच्या पाटीवर जाऊन थांबली. लगेच तक्रार आली, "बाई, ह्याचा सरडा माझ्या पाटीत आलाय!" सगळा वर्ग हसला. शेजाऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि शेपटीच्या टोकावर एक मुंगी काढली. चावणारी.

कार्टून कशाला म्हणतात हे त्या दोघांनी मला माझ्या निवृत्तीनंतर शिकवले. तेव्हापासून मी सरडा शेपटीपासून सुरू करते. पाटी तिरकी धरा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे एक लांब रेघ, टोकाला बारीक, पुढे थोडी थोडी जाड. तीन भागांतले दोन भाग झाले की ती फुगवा, झाले पोट. पुढे डोके, पाचरीसारखे, मागे रुंद आणि पुढे निमुळते. मानेपासून पाठीवर करवतीचे दात. पाय काढताना कोपर बाहेर. सरडा आपल्यासारखा पाय खाली सोडून उभा राहत नाही, तो जोर काढणाऱ्या पैलवानासारखा कोपरे फाकवून असतो. आणि नर खरोखरच जोर काढतो. दुसऱ्या नराला दम द्यायचा असला की पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो. हे मुलांना करायला लावा, वर्गात करा, घरात करा. ज्याने अंगाने सरडा केला त्याच्या चित्रातले पाय बरोबर येतात, हा माझा अनुभव आहे. बोटे प्रत्येक पायाला पाच, आणि मागच्या पायाचे चौथे बोट सगळ्यात लांब. पाच वर्षांच्या मुलाने आठ बोटे काढली तर मोजत बसू नका.

आता चेहरा. तोंडाची रेघ पार डोळ्याच्या मागपर्यंत न्यायची, आणि सगळी गंमत त्या रेघेत. टोक वर वळवले की सरडा खूश, खाली वळवले की रुसला, सरळ ठेवले की परीक्षेला बसला. डोळ्याला अर्धी पापणी दिली की आळशी होतो. सरड्याला पापणी असते, म्हणून हे चालते. पालीला आणि सापाला मिटणाऱ्या पापण्याच नसतात. पाल आपला डोळा जिभेने चाटून साफ करते. हे सांगितल्यावर दौंडच्या एका वर्गात अर्धा तास प्रत्येक जण जीभ डोळ्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न करत होता. धडा तिथेच संपला. पण त्यानंतर त्या वर्गातल्या पाली बघण्यासारख्या आल्या. गोल, उघडे डोळे, आणि गालावरून वर गेलेली लांब जीभ.

चार वर्षांच्या मुलाचे वेगळे. ते डोके काढते आणि डोक्यालाच पाय लावते. माणूस असो, सरडा असो, आगगाडी असो. ही चूक नाही, सगळ्या जगातली मुले त्या वयात असेच काढतात. वर्ष-दोन वर्षांत धड आपोआप येते. त्याचा हात धरून गिरवून घेऊ नका. आयांना हे सांगणे सगळ्यात अवघड जाते.

आज्यांचे मात्र तसे नाही. श्रावणात मी मुद्दाम एखाद्या आजीला वर्गात बोलावते. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढतात ना, तो तिने मुलांसमोर काढायचा. गंधात बोट बुडवले, शेपटीपासून एक वळण, दुसरे वळण, वर फणा, फण्यात दोन ठिपके. बोट एकदाही उचलले नाही. तीस मुले श्वास धरून बघत असतात. मी इतकी वर्षे फळ्यावर खडू घासला, पण अशी शांतता मला कधी मिळाली नाही. चैत्रांगणात रांगोळीचे कासव असते, तेही तसेच, चार रेषांत पुरे. आपल्या घरांत असले कार्टून पिढ्यान् पिढ्या काढले जात आहे, फक्त त्याला तसे कुणी म्हटले नाही.

आता जरा अवघड गोष्ट सांगते. हीच सांगण्यासाठी खरे तर मी हे भाषण स्वीकारले.

काही वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम चालू असताना, दौंड तालुक्यातल्या एका वस्तीजवळ मी ऊसतोड मजुरांच्या मुलांबरोबर चित्रे काढली. बाकी सगळे प्राणी झाले होते, म्हणून त्या दिवशी साप घेतला. सोपा प्राणी, एका रेघेचा. मी त्याला गोड हसू दिले, लांब पापण्या दिल्या, गळ्यात लाल बो बांधला आणि "सापदादा" असे नाव ठेवले. मुले खूश झाली. मीही खूश होऊन घरी आले. दोन-तीन दिवसांनी तिथल्या अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. त्यांतला एक पाच वर्षांचा मुलगा कोपीच्या मागे सरपणाजवळ वेटोळे घालून बसलेल्या सापाकडे हात पुढे करून निघाला होता. तोंडाने म्हणत होता, "बाईंचा सापदादा." त्याच्या चुलतीने पाहिले आणि दंडाला धरून मागे ओढले. बघणाऱ्यांच्या मते ती घोणस होती. मुलाला काही झाले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सापाचा प्रश्न आपल्याकडे किती मोठा आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक खेड्यांतले, शेतात राबणारे आणि जमिनीवर झोपणारे. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला, आणि त्याच वर्षी प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. अशा मुलखात मी बो बांधलेला साप घेऊन हिंडत होते.

मग काय करायचे? साप काढणेच बंद करायचे? काही दिवस केलेही. पण मुले आपली काढतच होती, फक्त माझ्या माघारी. आणि न पाहता घाबरलेले मूल धामणीलाही घोणस म्हणते आणि घोणशीला अजगराचे पिल्लू. भीतीने माणूस सावध होतोच असे नाही. म्हणून मी साप परत आणला, पण दोन गोष्टी बदलल्या.

पहिली अशी, की सापाच्या अंगावरची खूण सोडायची नाही. हसू द्या, टोपी घाला, काय हवे ते करा, पण घोणस असेल तर पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी आल्याच पाहिजेत. मण्यार असेल तर काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने. नाग असेल तर फणा, आणि फण्यामागे आपण ज्याला दहाचा आकडा म्हणतो ती खूण. फुरसे लहान, डोक्यावर बाणासारखी खूण. या चारही विषारी. कार्टूनमध्ये आवाजही लिहिता येतो. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुसकारते, म्हणून मुले तिच्या तोंडापुढे कुकर काढतात. फुरसे अंगावर अंग घासून करकर करते. हे सगळे नीट पाहायचे तर पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात जा, नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली सुरू केलेले. काचेआडून, वाटेल तितका वेळ. शाळेची सहल तिथे गेली की मी वह्या घेऊन जायला सांगते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. साप काढला की मी विचारते, "आणि चित्रात तू कुठे आहेस?" प्रत्येकाने स्वतःला काढायचेच. पहिल्यांदा सगळे सापाच्या शेजारी उभे असतात, कुणी तर त्याच्या पाठीवर बसलेला. मग आम्ही बोलतो. खरा साप असता तर कुठे उभा राहिला असतास? घरातले मोठे माणूस कुठे आहे? हातात बॅटरी आहे का? पायात चप्पल आहे की बूट? साप तिथेच राहतो, चित्रातली माणसे हळूहळू मागे सरकायला लागतात. पाटी पुरत नाही म्हणून पुन्हा फरशीवर उतरतात. एका मुलीने साप भलामोठा काढला, तोंडभर हसणारा, आणि स्वतःला घराच्या पत्र्यावर. मी म्हटले, "अगं, तो तर हसतोय." ती म्हणाली, "हसू दे की. मी नाय खाली येनार."

मोठ्यांसाठी दोन शब्द. साप चावलाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरीने आवळायचे नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ नंबरला फोन करायचा. सर्पदंशावरची लस तिथेच मिळते. आणि साप पकडून बरोबर न्यायची काही गरज नसते.

सरड्याच्या बाबतीत मी उलटे करते. तिथे मुलाने जवळ उभे राहावे, असे मला वाटते. आपल्याकडे सरड्याला दगड मारणे हा पोरांचा जुना खेळ. तो लांबून माणसाचे रक्त शोषतो, अशी समजूत. विणीच्या दिवसांत नराचा गळा लाल होतो, त्यावरून ती निघाली असावी. प्रत्यक्षात सरड्याला विष नसते, पालीलाही नसते. भारतात एकही सरडा किंवा पाल विषारी नाही. घोरपडही विषारी नाही, मात्र तिचा चावा खोल जातो आणि शेपटीचा फटकारा बसतो, म्हणून लांब राहावे. तिला मारणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच घोरपडीला. तानाजीच्या गोष्टीतल्या यशवंतीमुळे पोरांच्या मनात तिला मान आहेच. तिच्या कमरेला दोर हवाच, असा त्यांचा आग्रह असतो.

माळावरच्या आणखी एका सरड्याबद्दल सांगायचे राहिले. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, दख्खनच्या उघड्या माळावर दगडावर बसून एक बोटभर सरडा गळ्याखालचा पंखा उघडमीट करतो. निळा, काळा, नारिंगी. २०१६ साली आपल्या देशातल्या संशोधकांनी या सरड्यांची नवी जात-जमात लावली आणि त्या कुळाला शास्त्रीय नावच दिले 'सरडा'. चक्क मराठी शब्द. त्यांतल्या एका जातीला डार्विनचे नाव आहे. आता जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना ड आणि र यांच्याशी झटापट करावी लागत असेल, याची मला मोठी मौज वाटते. मुलांना हे सांगितले की ती आणखी जोरात "सरडाऽऽ" ओरडतात.

चित्रे काढल्यामुळे दगड मारणे थांबले, असे मी म्हणणार नाही. पोरे ती पोरेच. एकदा शाळेच्या कुंपणाशी एक दुसरीतला मुलगा हातात दगड घेऊन, नेम धरून, नुसताच उभा दिसला. बराच वेळ. मी विचारले, "काय रे, काय झालं?" तो म्हणाला, "थांबा बाई, मागच्या पायाची बोटं बघायची राहिलीत." तेवढ्यात सरडा पळाला. दगड त्याने नंतर नारळाच्या करवंटीवर मारला.

सामानाचे विचारतात म्हणून सांगते, फारसे काही लागत नाही. पाटी, खडू, विटेचा तुकडा, चुलीतला कोळसा, जुनी वर्तमानपत्रे. वर्तमानपत्र चांगले मोठे असते, उलगडून दोन पाने जोडली की शेपटीला जागा मिळते. एक सुतळी. आणि एखादी बाभळ किंवा कुंपण, जिथे सकाळी ऊन येते. सरडा अंग तापवायला तिथे येऊन बसतोच.

मघाशी पाटी घेऊन बसलेल्या तुमच्या मुलाचा सरडा एव्हाना झाला असेल. शेपटी पाटीबाहेर गेली असेल तर रागावू नका. खडूने काढलेली असेल तर ओल्या फडक्याने लगेच निघते. तेलखडूने काढली असेल तर थोडे खोबरेल लावून पुसा, आणि फरशी नंतर साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर कुणीतरी घसरेल.